पितळी कासवाशेजारचे पिल्लू

बाबांच्या ऑफिसात दोन कासवे होती, आणि त्यांपैकी एकच उपाशी होते.

पहिले पितळेचे. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या भातशेतीच्या जागी गोडाऊनचे गाळे उभे राहिले, तेव्हा बाबांनी पुढच्या अंगाला एक छोटे ऑफिस बांधून घेतले आणि टेबलावर, उत्तरेकडे तोंड करून, काचेच्या ताटलीतल्या पाण्यात हे कासव ठेवले. पाणी रोज बदलायचे, तोंड फिरू द्यायचे नाही, याहून अधिक त्याचे काही करावे लागत नसे. दुसरे कासव त्याच ताटलीत अलीकडे आले होते. आमचा एक गाळा भाड्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याने ते शुभ म्हणून बाबांना भेट दिले: लिंबाएवढे, काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले, आणि जिवंत. त्याच्यासाठी वेगळी जागा शोधावी असे बाबांना वाटले नाही. कासव कुठे ठेवायचे असते, हे आमच्याकडे ठरलेलेच होते.

मी त्या सुमारास औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेतून रजा घेऊन घरी आले होते. संशोधन-प्रवेशाची मुलाखत तोंडावर होती. ही जागा मिळवायची असे मी पक्के ठरवले होते, आणि घरात पाहुण्यांची ये-जा असल्यामुळे दुपारी बाबांच्या ऑफिसात बसून वाचत होते. तिथे एसी होता आणि कोणी बोलत नसे. पिल्लाकडे माझे लक्ष गेले ते आईमुळे. बाबांचा डबा घेऊन ती आली की तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा भिजवून त्याच्यापुढे धरायची. त्या दुपारी तिने तुकडा परत डब्यात टाकला.

“हा आजपन खात न्हाय. डोळं पन उघडत न्हाय गो.”

“मूड नसंल,” बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

मी पिल्लू उचलून तळहातावर घेतले. ते थंड होते. पापण्या सुजून मिटलेल्या होत्या. पण मला सर्वांत आधी दिसले ते त्याचे पाय. पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो आणि पाय चपटे, वल्ह्यासारखे असतात. हे पाय गोल आणि जाडसर होते, जणू बोटभर उंचीच्या हत्तीचे. अशा पायांनी पोहता येत नाही. रखरखीत माळावर चालता येते. पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या, दोन्ही प्राण्यांना मराठीत आपण कासवच म्हणतो, आणि या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही माळावरच्या जिवाला आठवडाभर पाण्यात बसवून ठेवले होते. वर एसीची हवा. ज्या प्राण्याला स्वतःच्या शरीराची ऊब तयार करता येत नाही, त्याला थंडीत अन्न पचत नाही, म्हणून तो खातही नाही. मूड नसण्याचे स्पष्टीकरण इतके साधे होते.

मी ते बाबांना याच क्रमाने समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“कासव पान्यातच ठेवतात,” ते म्हणाले. “बाजूला बघ.”

“ते पितळेचं आहे.”

“पितळेचा असला तरी कासवच हाय ना?”

पायांच्या रचनेवर पुन्हा बोलण्यात अर्थ नव्हता. पुरावा बरोबर असून चालत नाही, तो ऐकणाऱ्याला मान्य असलेल्या जागेवरून उचललेला असावा लागतो. मी विचारले, “आपल्या शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव आहे. आत जाताना तुम्ही आधी त्याच्या पाठीवर हात ठेवता. ते कुठे पाण्यात आहे?”

बाबांनी मोबाइल टेबलावर ठेवला. “तो दगडाचा हाय.”

“हो. आणि ताटलीतलं पितळेचं. जिवंत हे एकटंच आहे.”

आई डबा आवरत हसली. “आता बोला.”

बाबांनी एसी बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी मुलाखत हाय ना? कासवाला पास करून काय मिळनार तुला?” पण पिल्लू न्यायला पुठ्ठ्याचा खोका त्यांनीच गाळ्यातून आणून दिला.

भिवंडी शहरात प्राण्यांच्या एक डॉक्टर आहेत, मूळच्या खाडीकाठच्याच. त्यांच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण म्हणजे बकऱ्या आणि मांजरे. त्यांनी पिल्लू दिव्याखाली धरले आणि पहिला प्रश्न मलाच विचारला.

“कुठून आणलंत? खरं सांगा, मी पोलीस नाही.”

मी खरे सांगितले.

“हे चांदणी कासव. पाळायला कायद्याने बंदी आहे. नशीब येतं म्हणून लोक घेतात, आणि मग माझ्याकडे घेऊन येतात, नशीब खात नाही म्हणून.” त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. “वनखात्याला आजच फोन करा. मी पण कळवते. पण ते न्यायला येईपर्यंत हे तुमच्याकडे जगलं पाहिजे, और वो आसान नहीं है. आत्ता ते कुठल्या बाजूला झुकेल, मी सांगू शकत नाही.”

मग त्यांनी सूचना दिल्या. खोक्यात कोरडी माती आणि पेंढा. एका टोकाला पिवळ्या बल्बची ऊब, दुसऱ्या टोकाला सावली, म्हणजे त्याला हवे तिथे सरकता येईल. सकाळचे कोवळे ऊन, पण काचेतून नव्हे, उघड्यावर, आणि कावळ्यांवर नजर ठेवून. भाकरी, भात, दूध काही नाही. पालकसुद्धा नाही, कारण पालक शरीरातले कॅल्शियम अडवून धरतो आणि पिल्लाची पाठ मऊ राहते. घोळीची भाजी, शेवग्याचा पाला, दूर्वा, जास्वंदीची पाने आणि फुले, बारीक चिरून. त्यावर चिमूटभर समुद्रफेणाची पूड. आणि रोज थोडा वेळ, हनुवटीखाली राहील इतक्याच कोमट पाण्यात बसवायचे, म्हणजे ते पाणी पिईल.

घरी हे सांगताच बाबांनी बरोबर तेवढेच उचलले. “म्हंजे पानी लागतंच.”

“थोडा वेळ,” मी म्हणाले.

“लागतं पन.”

समुद्रफेण शोधायला मी काष्ठौषधीच्या दुकानात निघाले होते, पण आईने फडताळातून जुन्या डब्यातला पांढरा तुकडा काढून दिला. आम्ही लहान असताना कान फुटला की ती त्याची पूड वापरत असे. तो माकूल नावाच्या समुद्री जिवाच्या पाठीतला पांढरा भाग आहे आणि जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम आहे, हे मी तिला सांगितले. “असंल,” ती म्हणाली, आणि खलबत्ता पुढे सरकवला.

वनखात्यात फोन केला. माणूस पाठवतो, पण दोन-चार दिवस लागतील, तोपर्यंत उबेत ठेवा, असे उत्तर मिळाले. फोन चालू असताना बाबा दारात उभे होते. मी फोन खाली ठेवल्यावर त्यांनी इतकेच विचारले, “केस करतील काय?”

“मी सगळं खरं सांगितलं आहे. आधी ते जगू दे.”

प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलायचा, हा आमचा पहिला धडा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कशामुळे झाला ते कधीच कळत नाही. मी पाणी, तापमान, प्रकाश आणि अन्न, चारही एकाच संध्याकाळी बदलले होते. शास्त्र म्हणून तो प्रयोग फेकून देण्याच्या लायकीचा होता. पण माझ्याकडे दुसरे पिल्लू नव्हते आणि या पिल्लाकडे वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोळे किंचित उघडले. ते बल्बच्या टोकाकडून सावलीकडे स्वतः चालत गेले, हेही मी पाहिले. पण खाल्ले नाही. घोळ चिरून ठेवली, ती सुकली. शेवगा ठेवला, त्यावरून ते चालत गेले. जास्वंदीची पाने मी इतकी बारीक केली की आई म्हणाली, “कोशिंबीर करतेस काय?” कोमट पाण्यात ते नाकाने बुडबुडे काढी आणि पुन्हा मान आत घेई. जबरदस्तीने तोंड उघडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी पुस्तक उघडून खोक्याशेजारी बसे आणि एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाची.

बाबा मात्र खोक्याजवळ येत नव्हते. सकाळी उठले की आईला विचारत, “बघितलंस काय?” आणि आई बघून आली की मगच अंघोळीला जात. मला त्याचा राग येत होता. ठेवून घेतले यांनी, आणि बघायचे दुसऱ्यांनी.

तिसऱ्या सकाळी पूजा झाल्यावर ते सोवळ्यातच ओटीवर आले. हातात गणपतीला वाहून उरलेले लाल जास्वंदीचे फूल होते. मी खांबाआड केस विंचरत होते. मी त्यांना दिसत नव्हते. खोक्यासमोर ते थोडा वेळ उभे राहिले, मग वाकून त्यांनी ते अख्खे फूल पिल्लाच्या पुढ्यात ठेवले, देवापुढे ठेवतात तसे देठ मागे करून, आणि हात जोडले.

पिल्लाने मान बाहेर काढली. फुलाकडे एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्याने. एक पाऊल टाकले आणि पाकळीला तोंड लावले. पाकळी निसटली. त्याने पुन्हा धरली, मागे ओढली, आणि पाकळीच्या कडेला नखाएवढी स्वच्छ खाच पडली.

बाबा तसेच वाकलेले राहिले. “अगो, बाय,” त्यांनी हळूच हाक मारली, मोठ्याने बोलले तर ते थांबेल अशा आवाजात. “खातो हाय.”

मी आणि आई दोघी येऊन बसलो. अर्धी पाकळी संपायला बराच वेळ लागला. मग बाबा पायरीवर टेकले, उपरण्याने तोंड पुसले आणि म्हणाले, “मला वाटलं, माझ्या हातून जातंय.”

“म्हणून बघत नव्हता?”

“शुभ म्हनून घेतलेला जीव आपल्या दारात मेला तर काय म्हनायचं त्याला? रोज वाटं, आज मेलाच असंल.”

तेव्हा मला कळले की त्या आठवड्यात सर्वांत जास्त काळजी बाबाच करत होते. फक्त त्यांना ती माझ्यासारखी मोजता येत नव्हती. माझा राग गेला. फूल लाल होते म्हणून, अख्खे होते म्हणून, की दोन दिवसांच्या उबेने भूक त्याच सकाळी जागी झाली म्हणून? कारण मी आजही सांगू शकत नाही, आणि माझ्या आयुष्यातला हा एकच निकाल आहे ज्याचे कारण शोधण्याची मला इच्छा झाली नाही. त्या दुपारी मी एक संपूर्ण प्रकरण सलग वाचून काढले.

वनखात्याचा माणूस आला तोपर्यंत खोक्यात रोज लाल पाकळ्या संपत होत्या आणि समुद्रफेणाची पूड नाकाला लागलेली असे. त्याने पिल्लू हातात घेतले, पाठ दाबून पाहिली, डोळे पाहिले. बाबा खुर्ची, पाणी, चहा असे सगळे एकदम विचारत होते. त्याने माझ्याकडून हकीकत लिहून घेतली, कोणी दिले ते विचारले, आणि बाबांनी नाव न लपवता सांगितले. पुन्हा असा जीव कोणी दिला तर घेऊ नका, तेव्हाच कळवा, असे तो बजावून म्हणाला. बाबांनी दोन वेळा मान डोलावली.

“हे आधी आमच्या केंद्रात राहील. ठीक झालं की पुढचं बघू,” तो म्हणाला. “खातंय का काही?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. “जास्वंद. लाल. पिवळी दिली तर तोंड फिरवतो. कापून न्हाय द्यायची, अख्खी द्यायची. आन् दुपारचं न्हाय, सकाळी, ऊन आलं की.”

तो माणूस हसला. “तुम्हीच सांभाळलंय वाटतं.”

“न्हाय ओ, हिनं,” बाबा म्हणाले.

आईने पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुले दिली. गाडी मानकोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिघे फाटकाशी उभे होतो. मग बाबा ऑफिसात गेले, मीही पुस्तके घेऊन मागोमाग गेले. त्यांनी ताटलीतले पाणी बदलले, पितळी कासव पुसून उत्तरेकडे तोंड करून ठेवले आणि खुर्चीत मागे रेलून एक मोठा श्वास सोडला.

“ह्याला भूक लागत न्हाय,” ते म्हणाले. “हाच बरा हाय.”

एसी लावायला त्यांनी हात वर केला, मग थांबून माझ्याकडे पाहिले.

“आता लावू ना?”