कबूतर छातीशी धरणारा माणूस

पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुट्टीत मी बडोद्याला घरी आले होते. दांडिया बाजारात जखमी पाखरांवर उपचार करायला एक टेबल मांडलं होतं, तिथे डॉक्टरांच्या हाताखाली बसले. दुपारी पन्नाशीचा एक माणूस धापा टाकत आला. मांज्यानं पंख कापलेलं कबूतर त्यानं छातीशी गच्च आवळलं होतं.

"काका, सैल धरा! छाती दाबली तर पाखराला श्वास घेता येत नाही!" मी ओरडलेच.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पंख हातात धरायची पाळी पहिल्यांदाच आली होती. डॉक्टर टाके घालत होते आणि हा माझ्या खांद्यावरून वाकून सारखा विचारत होता, "बेन, जगेल ना?" त्याच्या बोटांना पतंगवाले गुंडाळतात तशा चिकटपट्ट्या होत्या.

"तुमच्याच मांज्यानं?" मी विचारलं.

"पेच लागला की आपण समोरचा पतंग बघतो, बेन. मधलं आकाश कोण बघतं?"

कबूतर वाचलं. माणसाचे डोळे भरून आले. हा आता फिरकीला हात लावणार नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत. पतंग उडतच होते. तो पुन्हा धावत आला, हातात दुसरं कबूतर. या वेळी मात्र त्यानं ते अगदी बरोबर धरलं होतं, छातीवर जराही दाब न देता.

बोटांवरच्या पट्ट्या नव्या होत्या.