पाणी पिकवणारी आपा

दुकानात गिऱ्हाईक आलं की आपा "या" म्हणायची नाही. मान वर न करता एकच विचारायची, "टाकी कब भरी?" आज भरली, काल भरली असं कोणी म्हटलं की हातातली जाळी खुंटीला अडकवायची आणि सांगायची, "पाणी कच्चं आहे. महिन्यानं या." बायका विनवायच्या. एखादा साहेब गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणायचा की मासा मेला तर माझा मेला, तुमचं काय जातं. आपाचं उत्तर ठरलेलं. "माझा मासा जातो." शोभेचे मासे विकायला बसलेली बाई ते विकत नाही, असं दुकान मी सोलापुरात दुसरं बघितलं नाही.

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात तीन पायऱ्या चढून ते दुकान होतं. पाटी नाही. आत अंधार, आणि अंधारात बारा-चौदा टाक्यांचे हिरवट दिवे. मध्ये स्टुलावर आपा. साठीची बाई, जाड भिंगाचा चष्मा, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. नाव तिचं जैबुन्निसा, पण अख्खा बोळ तिला आपा, म्हणजे थोरली ताई, म्हणायचा. मी तोंडावर कधी म्हटलं नाही. मी तिला "बाई" म्हणायचो आणि ती मला "रंगारी". दोघांच्याही म्हणण्यात मान नव्हता.

रंगारी मी होतोच. चौथी शिकलेला माणूस, पण चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात सूत रंगवलं. कोणत्या पाण्याला कोणता रंग बसेल हे मी पाणी जिभेवर घेऊन सांगायचो. शिकलेले मॅनेजर माझ्यासमोर लडी धरून विचारायचे, रंगारी, हा रंग कालच्यासारखा आहे का. मी नाही म्हटलं तर माल परत हौदात जायचा. आणि हौद कसा घासायचा ते मला विचारा. लाल काढून पांढरं भिजवायचं असेल तर हौद असा पाहिजे की त्यात पोळी ठेवून खावी. पाण्यातलं मला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. अजून आहे थोडी.

आमच्या सुमनला लकवा झाला तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सुमन म्हणजे माझी बायको. उजवं अंग गेलं, वाचा गेली, ती जाऊ दे, पण बघणंही तिनं सोडलं. समोर माणूस बसला तरी नजर भिंतीवर. घास तोंडात घातला तर गिळायची, नाहीतर नाही. डॉक्टर म्हणाले, तिची नजर कशात तरी गुंतली पाहिजे. मुलगा पुण्याहून काचेची टाकी घेऊन आला, पंप लावला, त्याला स्पंजचा फिल्टर लावला, आणि मासे तुम्ही आणा, आई बघत बसेल, असं सांगून सोमवारच्या गाडीनं परत गेला.

मी टाकी घासली, भरली आणि दुसऱ्या दिवशी आपाच्या पायरीवर उभा राहिलो. तिनं तो प्रश्न विचारला. माझ्या पुढच्याला तिनं नुकतंच परत पाठवलेलं मी ऐकलं होतं. म्हणून म्हणालो, पंधरा दिवस झाले. तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि सहा लाल मासे पिशवीत घातले.

तीन दिवस सुमन भिंतीकडे वळली नाही. डावा हात उशीखाली घेऊन टाकीकडे बघत राहिली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले आणि दुपारपर्यंत एकेक करून उलटे झाले. सहाच्या सहा. सुमनच्या डोळ्यांदेखत. तिनं मान फिरवली ती फिरवली, आणि त्या दिवसापासून घास आत घ्यायचंही टाळायला लागली. मासे आणले नसते तर बरं होतं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

मेलेले मासे एका डब्यात आणि टाकीतलं पाणी एका बाटलीत घेऊन मी दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं. रोगट माल विकतेस, म्हाताऱ्याला फसवतेस, घरात लकव्याची बायको त्या माशांकडे बघत होती, असं सगळं. आपा ऐकत होती की नव्हती कोण जाणे. माझी बाटली तिनं घेतली, एका काचेच्या नळीत पाणी ओतलं, त्यात कसले तरी थेंब टाकले, हलवलं आणि ठेवून दिलं. पाच मिनिटं मी बोलत राहिलो. मग तिनं नळी माझ्यापुढे धरली.

"रंग कोणता झाला?"

"तुला डोळे न्हाईत का?"

"मोतीबिंदू आहे. सांगा."

रंग विचारल्यावर मी गप्प बसू शकत नाही. म्हणालो, मेंदीचा हिरवा, गडद. तिनं रंगाचं कार्ड दिलं, त्यावर सगळ्यात शेवटचा खण तोच होता. पाणी बिनविषारी असेल तर रंग पिवळा येतो, ती म्हणाली. हा हिरवा म्हणजे माशांचं मूत. मासे स्वतःच्या मुतात गुदमरून मेले. जुन्या पाण्यात बारीक जिवाणू असतात, डोळ्यांना न दिसणारे, ते हे विष खाऊन टाकतात. नव्या टाकीत ते नसतात, त्यांना वस्ती करायला महिना लागतो. "पंधरा दिवस म्हणालात ना, रंगारी?" एवढंच मोठ्यानं म्हणाली. गिऱ्हाईक हसलं. माझी मान खाली गेली आणि त्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही.

मी घरी जाऊन टाकी फोडणार होतो. पण कॉटवर सुमन भिंतीकडे तोंड करून होती. दुसऱ्या दिवशी परत गेलो. आपानं न विचारता सांगायला सुरुवात केली, जसं काही मी येणार हे तिला ठाऊकच होतं. पाणी पिंपातलं घालायचं, दोन दिवस उघडं ठेवलेलं. नळाच्या ताज्या पाण्यातली जंतुनाशक पावडर या जिवाणूंनाही मारते. पंप बंद करायचा नाही. मासा एकही नाही. आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं.

मी म्हणालो, "मासा न्हाय तर खाणं कुणाला?"

"सडू दे. त्यांना विष लागतं खायला. उपाशी कोण राहील तुमच्या घरी?"

मग मी रिकाम्या टाकीत रोज खाणं टाकायला लागलो. शेजारचे खिडकीतून बघायचे. त्यातल्या सकवारबाईंनी आमच्या सुनेला फोन करून कळवलं म्हणे की तुमच्या सासऱ्यांचं डोकं फिरलंय. दर चार दिवसांनी बाटलीत पाणी भरून मी आपाकडे न्यायचो, ती थेंब टाकायची, मी रंग सांगायचो. तिथं आमचं दुसरं काही बोलणं व्हायचं नाही. एकदा मी म्हणालो की आमच्या हौदात रंग एका तासात बसतो. ती म्हणाली, "म्हणून धुतल्यावर जातो."

हिरवा उतरत होता. दुसऱ्या आठवड्यात पोपटी झाला. तेवढ्यात मी घात केला. स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर चढला होता. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं; ज्या सकाळी नळ आला त्या सकाळी मी सगळी भांडी, पिंप, बादल्या घासल्या, आणि त्यातच तो स्पंज काढून कपड्याच्या साबणानं स्वच्छ केला. नवा दिसायला लागला. मला समाधान वाटलं, खोटं का बोलू. चाळीस वर्षांचा हात तो.

पुढच्या वेळी नळीतलं पाणी पुन्हा मेंदीसारखं गडद.

आपानं रंग ऐकला. चष्मा काढून पुसला. "स्पंज धुतला?"

"धुतला की. शेवाळ धरलं होतं, घाण."

"साबणानं?"

मी मान हलवली. आपा अगदी हळू म्हणाली, "तुमची घरवाली विरजण धुवून लावायची का, रंगारी?"

मी चाळीस वर्षं पाण्यात काढली, पण तो बुळबुळीत थर म्हणजेच जिवाणूंची वस्ती, हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात दह्याचं मडकं फळीवर कोपऱ्यात असायचं. सुमन ते हलवू द्यायची नाही. तळाशी राहिलेल्या चमचाभर आंबट दह्यावर दुसऱ्या दिवसाचं दूध, असं वर्षानुवर्षं. ती आजारी पडल्यावर पहिल्याच आठवड्यात ते मडकं मीच घासून उपडं घातलं होतं. आता दही विकतचं येतं. हे मी आपाला सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण त्या दिवशी ती आणखी टोचून बोलली नाही. उठली, सगळ्यात मागच्या, सगळ्यात काळपट टाकीत हात घातला, तिथल्या स्पंजाचा लिंबाएवढा तुकडा कात्रीनं कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीत बांधला. "तीस वर्षांचं आहे. वाळू देऊ नका. आणि हात लावू नका. तुमचे हात मला माहीत झालेत."

घरी येईपर्यंत पिशवी मी पोटाशी धरली होती. तुकडा टाकीतल्या स्पंजाला चिकटवला आणि खुर्ची लांब सरकवून बसलो.

मग तीन आठवडे. हिरवा उतरला, पोपटी झाला, लिंबासारखा पिवळा झाला. मी जिंकल्यासारखा गेलो. आपानं दुसरी बाटली काढली. म्हणाली, पहिलं विष खाल्लं की दुसरं तयार होतं, ते खाणारे जिवाणू वेगळे आणि उशिरा येणारे. या बाटलीत आकाशी आलं तर बरं, जांभळं आलं तर अजून विष. जांभळं आलं. दर वेळी जांभळं.

इकडे सुमन हाडांवर आली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून मी त्याच पावली बाटली घेऊन बोळात गेलो. थेंब पडले. पाच मिनिटं झाली. आपानं नळी उजेडाला धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. "मला आकाशीच वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

आकाशी होतं. पण तळाशी बघितलं तर निळ्यात जांभळ्याची झाक होती, इतकी बारीक की दुसऱ्या कोणाला दिसली नसती. तिच्या हातात जाळी तयार होती. मी "हो" म्हणालो असतो तर त्याच दिवशी मासे घरात आले असते. टाकी कधी भरली याबद्दल मी तिच्याशी खोटं बोललो होतो, आणि ते बोलताना माझी जीभ अडखळली नव्हती. पण समोर रंग होता. चुकलेल्या रंगाला बरोबर म्हणून मी आयुष्यात माल सोडलेला नाही.

"झाक हाय," मी म्हणालो. "जांभळी."

तिनं जाळी खुंटीला लावली. "मग आणखी एक आठवडा."

शाबासकी नाही, धीर नाही, काही नाही. मी दातओठ खात पायऱ्या उतरलो. तो आठवडा मी सुमनपुढे ताट धरून कसा काढला ते लिहीत नाही. सहा दिवसांनी नळीतलं पाणी स्वच्छ आकाशी आलं. आपानं फक्त दोन मासे दिले. मी सहा मागितले तर म्हणाली, "घर दोघांचं आहे ना? दोनच."

ते दोन मासे जगले. पाचव्या दिवशी सुमननं मान वळवली. डाव्या हाताचं बोट उचलून काचेकडे केलं. मी वरण-भात कालवून घास पुढे केला, तिनं माशांवरची नजर न काढता तोंड उघडलं. नाकातली नळी टळली. पंधरा दिवसांनी एका सकाळी मी टाकीत खाणं टाकत होतो, एक चिमूट, दुसरी चिमूट, आणि कॉटवरून आवाज आला. "पुरे."

चार महिन्यांत पहिला शब्द, आणि तोही मला थांबवायला.

आपा गेल्या उन्हाळ्यात वारली. साखर होती, पायाची जखम भरली नाही. मला चार दिवसांनी कळलं. भाच्यानं दुकान रिकामं केलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मी त्या बोळातून जात नाही. लोक म्हणतात तिनं तुमच्या बायकोला उठवलं, तुम्ही तिचे उपकार मानायला पाहिजेत. मानले नाहीत. मानायला गेलो होतो, तेवढं सांगतो.

सुमन बोलली त्याच दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे हात जोडायचे ठरवून गेलो होतो. घरवाली बोलली, म्हणालो. आपा टाकीत वाकलेली होती, वर बघितलं नाही. मी परत सांगितलं, आणि म्हणालो की दोन महिने मी लई केलं त्या पाण्यासाठी.

"तुम्ही काय केलंत?" आपा म्हणाली. "पाण्यानं केलं. तुम्ही हात लावायचं सोडलंत, म्हणून झालं."

मी जोडायला उचललेले हात तसेच राहिले. तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक पायरी चढलं. आपानं मान वर न करता त्याला विचारलं की टाकी कधी भरली, आणि मला म्हणाली, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.

मी बाजूला झालो.