लाटेला ‘सॉरी’ म्हणायचं नसतं

मंडळी, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या बीचवरच्या कारपार्कमधून लिहितेय. केस ओले आहेत, बोटं गारठलीत, पण हे आत्ताच सांगायचंय.

माझ्या ऑफिसमधली लुसियाना ब्राझीलची. तिचा ब्राझिलियन ग्रुप थंडी असो, पाऊस असो, सर्फिंगला जातोच. आज मीही गेले. वय सत्तेचाळीस, तो घट्ट रबरी वेटसूट चढवतानाच दम लागला!

कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभी होते. लाट आली की शेजारच्या इंग्रज आजोबांना म्हणायचे, ‘सॉरी, यू गो!’ ते म्हणायचे, ‘नो नो, आफ्टर यू!’ आणि लाट दोघांच्या मधून निघून जायची.

शेवटी लुसियाना ओरडली, “अगं, ही काय बसची रांग आहे? समोर आली ना, मग घे! सोडलेली लाट परत येत नाही.”

मुळात मी भिडस्त, त्यात लंडनच्या हॅरोमध्ये ‘सॉरी, सॉरी’ म्हणत वीस वर्षं काढलेली. पण म्हटलं, आता नाही सोडायची.

पडले. परत पडले, नाकातोंडात पाणी गेलं. आणि मग बोर्डवर उभी राहिले! जेमतेम दोन श्वास. पण अख्ख्या ग्रुपने असा जल्लोष केला, जणू मी वर्ल्ड कप जिंकलाय. त्यांची रीतच आहे म्हणे, सगळ्यात मोठा आरडाओरडा नवख्यासाठी.

सोमवारी मीटिंगमध्ये मॅनेजर विचारेल, “नवा प्रोजेक्ट कोण लीड करतंय?” दर वेळी मी शेजारच्याकडे बघते.

या सोमवारी बघणार नाही. तुम्ही कुणाकडे बघत थांबलाय?