विमानाच्या खांद्याला लोणी

"तू कधी शेत पाहिलं आहेस का?"

माझ्या बारा पानी निबंधाखाली लाल पेनने एवढंच लिहिलं होतं. ग्रेड नव्हती. त्या एका ओळीमुळे मेमधल्या लॉन्ग वीकेंडला आम्ही सनीव्हेलहून उत्तरेला भाताच्या मुलखात गेलो. तुम्हालाही जायचं असेल (का जायचं असेल, हा भाग वेगळा), तर रस्ता, खाणं, मुक्काम असं सगळं पुढे येईलच.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण शिकता येतं. पहिल्या सेमिस्टरला मला मातीची भांडी करायला शिकायचं होतं, तो वर्ग फुल झाला होता. त्याच वेळेच्या थाई भाषेच्या वर्गात जागा होती. तीन वर्षांनी, म्हणजे २००६ मध्ये, मी थाई कादंबऱ्यांतल्या शेतकरी बापलेकांवर एम.ए. करत होते. देसी पार्टीत हे सांगितलं की आधी "थाई? म्हणजे मसाज?" आणि मग "पण यार, स्कोप काय?" हे दोन प्रश्न ठरलेले. मी तिसऱ्या प्रश्नाची अजून वाट बघते आहे.

निबंध ज्या प्रसंगावर होता तो असा. म्हातारा बाप आयुष्यभर रेड्यांवर शेती करतो. मुलगा एक दिवस रेडे विकून नांगरणीचा पॉवर टिलर आणतो. हंगाम संपल्यावर बाप त्या टिलरच्या दांड्याला दोरा बांधतो, पुढे उकडलेलं अंडं आणि भात ठेवतो आणि त्या यंत्राची माफी मागतो. थाई माणसं अशी पूजा रेड्याची करतात. कामाने, माराने घाबरून जनावराचा जीव भटकायला जातो म्हणे, त्याला गोड बोलून परत बोलवायचं. माफीला तिथे शब्द आहे 'खमा', आपल्याच क्षमेचा भाऊ. मी बारा पानं खर्ची घालून सिद्ध केलं होतं की बाप इथे मुलाची टिंगल करतोय.

आमच्या बाई, ज्यांना सगळे 'आचान' म्हणतात (हा आपला 'आचार्य', निघाला पुण्याहून आणि पोचला बँकॉकला), त्यांना ते साफ नामंजूर होतं.

"तो माफी का मागतोय, हे मंगळवारी सांग," त्या म्हणाल्या, "नाहीतर विषय बदल." आणि एका थाई बाईंच्या रेस्टॉरंटचा पत्ता दिला. या बाई एका शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, आणि त्यांच्या रेस्टॉरंटच्या गावाभोवती चारी बाजूंना भातशेती.

नवरा प्रशांत, त्याच्या सॉफ्टवेअरचं सोमवारी सकाळी रिलीज, म्हणून तो घरीच. लॉन्ग वीकेंडला रिलीज ठेवणाऱ्या माणसाबद्दल मी इथे काही लिहीत नाही. राहिले सासरे. बाबा भंडाऱ्याचे, घरचं धानाचं शेत असलेले, कृषी खात्यातून रिटायर झालेले, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले आणि तिसऱ्याच आठवड्यात कंटाळून अपार्टमेंटच्या गवताला कुठली खतं कमी पडतायत याची यादी करत बसलेले. "धान बघायला येता का?" असं मी विचारलं, आणि पाचव्या मिनिटाला ते बूट घालून दारात उभे होते. हातात दशम्यांचा डबा. तो त्यांनी कधी भरला, देव जाणे.

शनिवार

सॅक्रामेंटोमार्गे जाऊ नका, लॉन्ग वीकेंडला तिथे गाड्यांचा नुसता चिखल असतो. ६८० ने वर जाऊन ८० पकडा, व्हॅकाव्हिलला ५०५ घ्या, ती तुम्हाला थेट आय-फाइव्हवर नेऊन सोडते. आम्हाला साडेतीन तास लागले, त्यातला अर्धा तास बाबांनी बदामाच्या बागा बघायला गाडी थांबवायला लावली म्हणून. पेट्रोल तीन डॉलरच्या वर गेलंय, तेव्हा टाकी निघतानाच भरून घ्या.

विल्यम्स सोडून आत वळलं की अचानक जमीन संपते आणि पाणी सुरू होतं. मैलोन् मैल सपाट पाणी, त्यात आकाश, मधून मधून मातीचे बांध. बाबांनी काच खाली केली.

"बाप्पा! एवढी मोठी बांधी? पण माणसं कुठं आहेत?"

(बांधी म्हणजे भाताचं खाचर.) माणसं खरंच नव्हती. एकही नाही. बाबांच्या भंडाऱ्यात अशा वेळी गुडघाभर चिखलात शंभर बाया वाकलेल्या असायच्या. इथे बांधावर एक पांढरा बगळा आणि आम्ही. गाडी थांबवून आम्ही रोपं कुठे दिसतायत का ते शोधत होतो. तेवढ्यात मागून असा आवाज आला की मी गाडीखाली जायच्या बेतात होते. एक पिवळं विमान आमच्यापासून थोड्या अंतरावर, ताडाच्या झाडापेक्षाही खालून सरळ रेषेत गेलं आणि त्याच्या पोटातून धान पडायला लागलं.

धान. आकाशातून. भिजवून मोड आणलेलं.

वाऱ्याने त्यातलं थोडं आमच्याकडे आलं. गाडीच्या टपावर ताडताड वाजलं, बाबांच्या टोपीवर, माझ्या केसांत. बाबा हात जोडून स्तब्ध उभे राहिले आणि काय सुचलं कोण जाणे, मोठ्याने म्हणाले, "शुभमंगल सावधान!"

विमान वळून परत आलं. दुसऱ्यांदाही ते तेच म्हणाले.

"परे नाही, रोवणी नाही," गाडीत बसल्यावर ते हिशोब लावत होते (परे म्हणजे वाफ्यातली रोपं, रोवणी म्हणजे लावणी), "चिखलात एक पाय नाही. बत्तीस वर्षं मी लोकांना दोन रोपांत किती अंतर ठेवायचं ते शिकवलं जी. हा माणूस वरून फेकून गेला."

रेस्टॉरंट गावातल्या एकुलत्या एका सिग्नलजवळ आहे. मालकीणबाई साठीच्या, बुटक्या, चपळ. त्यांना सगळे 'पा' म्हणतात, म्हणजे मोठी मावशी. मी तीन वर्षांच्या अभ्यासाचं सार एकवटून थाईत नमस्कार केला, प्रवास सुखाचा झाला असं सांगितलं. पा डोळे विस्फारून बघत राहिल्या आणि मग टेबलाला धरून हसल्या.

"पोरी, तू माझ्या आजोबांसारखी बोलतेस. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली."

माझं थाई सगळं कादंबऱ्यांतून आलेलं. 'आभाळ फळलं' आणि 'रेडा राजी आहे' वगैरे मला अस्खलित म्हणता येतं, पण पाण्याचा ग्लास कसा मागायचा ते आठवेना. शेवटी इंग्लिशमध्ये मागितला.

इथली वांग्याची हिरवी करी नक्की घ्या. सात डॉलरमध्ये दोघांचं पोट भरतं. तिखट सांगताना जपून. बाबांनी "भंडारा तिखट" असं सांगितलं, पांनी त्याचा जो काय अर्थ घेतला तो बरोबर निघाला.

जेवण झाल्यावर मी वही काढली. पण तोवर पा आणि बाबा बोलायला लागले होते. त्या थाईत, ते मराठीत. बाबांनी नूडल्सचा बांध घातला, पांनी सॉसचं पाणी सोडलं, बाबांनी टूथपिकने पाणी कुठून फुटेल ते दाखवलं. पांनी मान हलवली आणि दुसरीकडून फोडलं. मी मध्ये भाषांतर करायला गेले.

"थांब बेटा," बाबा म्हणाले, "आम्हाला कळतंय."

एवढ्यात मागच्या दाराने तिशीचा एक दणकट माणूस आत आला. तोंडावर उन्हाचा चट्टा, गॉगलची जागा सोडून. हा पांचा मुलगा. नाव केव्हिन, पण घरचं नाव 'कोप', म्हणजे बेडूक. थाई माणसं मुलांना अशीच नावं ठेवतात. त्या पिवळ्या विमानाचा पायलट हाच.

"सॉरी, तुमच्या गाडीवर थोडं पडलं ना?" तो म्हणाला. "ते आजोबा हात जोडून उभे होते, मला वाटलं हेल्प पाहिजे."

पा त्याच्याकडे न बघता त्याचं ताट वाढत होत्या. मग माझ्याकडे वळून थाईत म्हणाल्या, "एकोणिसाव्या वर्षी मी चिखलातून पळाले. म्हटलं, माझ्या मुलाचे पाय कधी भातशेतीत पडायला नकोत. तर नाहीच पडले. हा वरूनच भात लावतो."

कोप हसला. त्या हसल्या नाहीत.

रविवार

मोटेल साठ डॉलरचं, स्वच्छ, ब्रेकफास्ट फुकट. तिथे बाबा लोण्याच्या सोनेरी कागदातल्या छोट्या वड्या खिशात भरताना मला दिसले. एक-दोन नाही, अकरा. मी म्हटलं, "बाबा, घरी आहे लोणी." ते म्हणाले, "घरच्यासाठी नाही."

झालं होतं असं, की आदल्या दिवशी पांनी सांगितलं होतं, पेरणी संपली, उद्या विमानाची पूजा. दर वर्षी करतात. मी रात्रभर कुशीवर वळत होते, कारण माझा अख्खा निबंध म्हणजे हेच होतं.

धावपट्टी म्हणजे शेतात एक डांबरी पट्टा आणि एक पत्र्याची शेड. शेडचा मालक डेल, सत्तरीचा, सस्पेंडर्स लावलेला, खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला. जणू दर रविवारी हेच चालतं. पांनी विमानासमोर केळीचं पान अंथरलं, त्यावर अंडी, भात, फुलं आणि एक जुडी हिरवं गवत.

"विमानाला गवत?" मी विचारलं.

"पाहुण्याला विचारून वाढतात का?" पा म्हणाल्या.

मग बाबा पुढे झाले. खिशातून लोणी काढलं, पांच्या स्वयंपाकघरातून मागून आणलेली हळद त्यात कालवली.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे मळतो," ते डेलला मराठीत समजावत होते. "जू ओढून सुजतात ना."

मी भाषांतर केलं. डेलने कॉफी खाली ठेवली. "काचेला लावू नका," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि प्रॉपेलरला नाही. बाकी चालेल. दुपारी धुऊन टाकू."

आता प्रश्न असा, की विमानाचा खांदा कुठे असतो? बाबांच्या मते पंख जिथे अंगाला जुळतो तिथे. कोपच्या मते वजन पोटातल्या बियाण्याच्या टाकीवर येतं, तर खांदा तो. डेलच्या मते चाकं, कारण धावपट्टीचा मार ती खातात. दहा मिनिटं तीन पुरुषांनी यावर मनापासून वाद घातला. अखेर सगळीकडेच लावायचं ठरलं. बाबा पंखाखाली वाकून दोन्ही हातांनी मळत होते, तोंडाने पुटपुटत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पिवळ्या पत्र्यावर पिवळी हळद, दिसतसुद्धा नव्हती.

मला हसू आवरेना. मग पा बोलायला लागल्या आणि ते थांबलं.

चाकाजवळच्या दांडीला पांढरा दोरा बांधत त्या विमानाशी साध्या, घरातल्या आवाजात बोलत होत्या. "तुला पहाटेपासून राबवलं. तारांखालून नेलं. मी तुला शिव्या दिल्या, रोज दिल्या, तू ऐकल्या असशील. खमा कर. घाबरून कुठे गेला असशील तर परत ये. आणि माझ्या बेडकाला दर वेळी खाली आण."

कोप शेडच्या दाराशी बुटाने खडी उकरत होता. थाई त्याला अर्धंच कळतं, असं पांनीच सांगितलं होतं. पण एवढं कळलं असावं.

मी नंतर पांना विचारलं, मंगळवारसाठी विचारावंच लागलं. "हे गंमत म्हणून करता, की खरंच?"

त्यांनी अंडं सोलून माझ्या हातावर ठेवलं. "त्याला वीस वेळा सांगितलं, सोड ही नोकरी. ऐकत नाही. विमान ऐकतं."

"आणि माझ्या कादंबरीतला बाप?"

मी प्रसंग सांगितला. त्यांनी जेमतेम ऐकला. "त्याने मुलाला मारलं असेल कधी तरी. रेड्यांवरून बोलला असेल काहीबाही. आता बाप मुलाची माफी कशी मागणार? टिलरची मागतो. मुलगा जवळपास असतोच ना ऐकायला?"

मी पुस्तक उघडलं. मुलगा तिथेच होता. ओट्यावर बसून तेलाचा डबा पुसत होता. अर्धी ओळ. बारा पानं लिहूनही मला तो दिसला नव्हता.

बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी मराठीत सांगितलं. उरलेलं लोणी त्यांनी शेपटाला लावलं.

परत

सोमवारी परतीच्या रस्त्यावर गर्दी लागते, सकाळी लवकर निघा. मंगळवारी मी आचानना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि विचारलं, "लोणी कुठल्या पंखाला लावलं?"

"दोन्ही."

"मग ठीक आहे," म्हणाल्या. विषय कायम राहिला.

या ट्रिपमधून काय राहिलं, हे विचाराल तर एक सवय राहिली. शनिवारी सकाळी मी बाबांना ती कादंबरी मराठीत वाचून दाखवते. ते दर पानाला लेखकाच्या चुका काढतात, पाणी चुकीच्या वेळी सोडलं म्हणून एकदा चहा टाकून उठले होते. गेल्या शनिवारी मुलगा गाव सोडून बँकॉकला जातो तो भाग आला. बाप बसपर्यंत जात नाही. शेतात काम आहे म्हणतो.

प्रशांत हॉलमध्ये शर्टांना इस्त्री करत होता.

"मीही नव्हतो गेलो," बाबा म्हणाले. "हा अमेरिकेला निघाला तेव्हा, नागपूरपर्यंत. रोवणी चालू होती."

इस्त्रीचा आवाज थांबला.

"बाबा, मी निघालो ऑगस्टमध्ये. त्या वर्षी आपली रोवणी जुलैतच आटोपली होती."

बाबांनी दशमीचा तुकडा मोडला, तसाच हातात धरून ठेवला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "वाच बेटा, थांबलीस कशाला. तो बसला का बसमध्ये?"

प्रशांतने इस्त्री बंद केली आणि येऊन त्यांच्या शेजारी ऐकायला बसला.