बोक-नामबाईंचा उतरलेला सूर

कोरियातल्या गुनसानच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बोक-नामबाईंशी घासाघीस करायची कुणाची टाप नव्हती. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. तीन मुली त्यांनी एकटीनं वाढवल्या, मार्गी लावल्या. या सगळ्यात रडायचं राहून गेलं, ते त्या दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात गाऊन भरून काढत. गाणं सुटलं तर आपल्यापाशी काय उरेल, हा विचारसुद्धा त्यांना सोसत नसे.

त्या वर्षी सुगीच्या सणाच्या मैफलीत चार परदेशी मिशनरीही गाणार होते. गायकवृंद बसवणाऱ्या ग्योंग-सूनं त्या चौघांना नेमकं बोक-नामबाईंच्या भोवती उभं केलं.

"पाहुण्यांकडे तुम्हीच बघायचं, मावशी," तो म्हणाला.

बाई फुलून गेल्या. त्यांनी चौघांकडून कोरियन शब्द घोटून घेतले, मुळ्याची किमची खाऊ घातली, आणि फिनलंडहून आलेल्या धिप्पाड हेल्मीला "अगं, जेवतेस की दाणे टिपतेस?" म्हणून दटावलंही.

एका तालमीनंतर हेल्मी आपल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सरळच म्हणाली, "मावशी, तुमचा सूर खाली जातो. माझा आवाज ऐका, मग जमेल."

कुणी झग्याची बटणं चाचपू लागलं, कुणाला एकदम खोकला आला. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "छे, काहीतरीच!" असं एकानंही म्हटलं नाही. वडीलधाऱ्यांची चूक त्यांच्या तोंडावर काढायची नाही, हे तिथं प्रत्येकाच्या हाडीमाशी खिळलेलं. हे चार दणदणीत आवाज आपल्याभोवती कशासाठी उभे केलेत, ते बाईंना तेव्हा कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या तडक चर्चच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कांदे चिरू लागल्या. ग्योंग-सू मागोमाग आला.

"कधीपासून?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तीनेक वर्षं. तुमचं ते कानाचं दुखणं झालं ना, तेव्हापासून."

"आणि दर रविवारी 'काय सुंदर झालं, मावशी!' लहानपणी तुझा शेंबूड पुसला, तो ह्यासाठी?"

"म्हणून तर जीभ रेटत नव्हती. तुम्हाला मी कोण सांगणार?"

"माझी मासळी खवट निघाली तर गिऱ्हाईक तोंडावर आणून आपटतं. मी दुसरी देते. तुम्ही लेकांनो मला तेवढीही संधी दिली नाहीत. ती परकी पोर बरी!" बाईंनी सुरी ठेवून मान वर केली. "आता एकच खरं सांग. गाऊ की सूप ढवळत बसू?"

ग्योंग-सूनं कधी नव्हे ते त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "गा, मावशी. गळा अजून खणखणीत आहे. कान फसवतो, एवढंच."

मैफलीला पार जिन्यापर्यंत माणसं बसली होती. शेवटच्या कडव्यात बाईंचा सूर घसरला, आणि त्यांना पत्ताच नव्हता. ग्योंग-सूची नजर नेहमीसारखी दुसरीकडे वळली, अडखळली, परत आली. मग त्यानं भरल्या सभागृहात थेट त्यांच्याकडे हात केला आणि तळवा वर उचलला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या भुवया उंचावल्या. बाईंनी श्वास घेतला, सूर उचलला आणि तो हेल्मीच्या सुराला जाऊन बरोबर लागला. तो लागल्याचं त्यांना अंगभर जाणवलं, आणि गाता गाता डोळे भरून आले.

गाणं संपताच ग्योंग-सू घाईघाईनं आला आणि कमरेत वाकला. "चुकलो, मावशी. सगळ्यांदेखत हात केला."

"चुकलासच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यातही घसरले होते म्हणे, हेल्मीनं आत्ताच कानात सांगितलं. तेव्हा काय हात झोपला होता तुझा?"