सॅक कुणाची भरायची

ह्यांना झटका आला तेव्हा गावाकडे भाताची लावण चालू होती. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात पाळी सुटायच्या वेळेला ह्यांच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला म्हणून वाकले ते तिथंच बसले, उठलेच नाहीत. दवाखान्यातून घरी आणलं तोवर पाय बराच सुधारला होता. उजवा हात मागे राहिला होता, आणि बोलणं पार विस्कटलं होतं.

मुके झाले नव्हते. बोलायचे, भरपूर बोलायचे. पण मनात एक असायचं आणि तोंडातून भलतंच पडायचं. ताट पाहिजे असलं की खुर्ची म्हणायचे. मला कधी कधी आक्का म्हणायचे. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, ती आमच्याकडे मदतीला येऊन राहिली होती. तीही ओ द्यायची, मीही ओ द्यायची. मधेच कन्नड यायचं. घरात आम्ही कन्नड बोलत नाही, पण कारखान्यात ह्यांचा सगळा दिवस कन्नडात जायचा. ते आता कुठल्याही वेळी वर यायचं.

सगळ्यात मोठा घोटाळा हो आणि नको ह्यांचा. "चहा घेणार?" विचारलं की "ब्याडा" म्हणायचे, म्हणजे कन्नडात नको, आणि हात कपाकडे यायचा. मी कप मागे घेतला की रागवायचे. डॉक्टर म्हणाले, शब्दाकडे बघू नका, हाताकडे बघा. मी शाळेत गणित शिकवते. हो म्हणजे नको धरायचं असतं तर तेही मला जमलं असतं. पण कधी हो म्हणजे हो असायचं आणि कधी नको, आणि त्याला काही नियम सापडेना.

ह्यांची डोंगरवाटांवर चालवायची जाड टायरांची गिअरची सायकल व्हरांड्यात उभी होती. दर रविवारी ह्यांच्या जोडीला एक वकील असायचे. जुन्या बेळगावातलं घर, वजन उतरवायला म्हणून सायकलीवर आलेले आणि मग तिच्या प्रेमात पडलेले. दोघांनी थंडीत जायचं ठरवलं होतं. हमरस्ता टाळून शेतवाटांनी बेळगाव ते निपाणी, रात्री माझ्या माहेरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी राधानगरीचं जंगल. झटक्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. टायर बसू नयेत म्हणून मी संध्याकाळी सायकल फिरवून आणायला लागले. आधी कॉलनीत, मग येळ्ळूरच्या वाटेला, मग राजहंसगडाच्या चढाला. शाळेत असताना निपाणीत मी सायकलनंच हिंडायची, पाय काही विसरले नव्हते. पुढं रविवारी वकीलही सोबत यायला लागले. हे दारात बसून बघायचे. आनंद होत होता का त्रास, मला सांगता यायचं नाही.

मग एका सकाळी ह्यांनी कपाटावरची सॅक डाव्या हातानं ओढून काढली आणि पलंगावर माझ्यासमोर ठेवली.

"जायचं," म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ.

"कुठं जायचं?"

"निपाणी."

तेही बरोबर आलं. "पण कोण जाणार, अहो?"

थोडा वेळ तोंड हलवत राहिले आणि म्हणाले, "आपण."

आता ह्याचं काय करायचं? आमच्या भाषेत आपण म्हणजे मी आणि तू, दोघं. आपण म्हणजे समोरचा मानाचा माणूस. आणि ह्यांच्या गावात चारचौघांत बसलेला गडी "आपण न्हाय जायाचं" म्हणतो, तेव्हा आपण म्हणजे तो एकटा. मी आक्काला विचारलं. आक्का म्हणाली, "तो जातो म्हणतोय गं, बघ की तोंडाकडं." वकिलांना विचारलं तर त्यांचं मत उलटं. "वहिनी, तुम्हाला जायला सांगतोय तो. स्वतःचा हात त्याला कळतोय."

सॅक भरायला घेतली. मी आधी फोनवर व्हिडिओ बघितले. त्यातली माणसं तंबूपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं सायकलीला बांधून हिमालयात चालली होती. मी ते सगळं बघून आणखीच गोंधळले. खडेबाजारात जाऊन पातळ विंडचीटर, दोन जादा ट्यूब आणि गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या घेऊन आले. हे पलंगाच्या कडेला बसले. मी एकेक वस्तू दाखवायची, ह्यांनी घ्यायची किंवा बाजूला सारायची, असं ठरलं.

पंप दाखवला, "ब्याडा" म्हणाले आणि हिसकावून सॅकमध्ये घातला. मग म्हणाले, "उलथनं."

"काय?"

"उलथनं, उलथनं!"

मी स्वयंपाकघरातून उलथनं आणून हातात दिलं. ते बघून हे आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आक्का पळत आली, तीही हसायला लागली, का ते तिला ठाऊक नव्हतं. मग ह्यांनी ट्यूब उचलली आणि तिच्याखाली काहीतरी घालून वर उचकटल्यासारखं केलं. तेव्हा कळलं, रिमवरून टायर उचकटून काढायची पट्टी. ती अवजारांच्या डब्यात सापडली.

एवढं सोपं सगळंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गाय."

गाय सॅकमध्ये कशी घालायची? मी दुधाची पावडर आणली, बाजूला सारली. वकील म्हणाले, दावं असेल, दोरी. दोरी आणली, ती जमिनीवर टाकली. तूप, घंटी, शेण्या, जे सुचेल ते आक्का बोलून बघत होती. हे "गाय, गाय" म्हणत स्वतःच्या पाठीला हात लावायचे, मग पायाला लावायचे, मग खिडकीकडे बोट करायचे. शेवटी दमले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ती गाय काय होती, मला आजतागायत कळलेलं नाही. पुढं एकदा विचारलं तर त्यांनाही आठवेना.

खरी कसरत कपड्यांची होती. मी माझी ट्रॅकपँट सॅकमध्ये घातली की हे ती काढायचे आणि स्वतःची घालायचे. मी म्हटलं, ठीक आहे, जाणार म्हणतायत, आपण नंतर समजूत काढू. म्हणून त्यांचेच दोन टी-शर्ट नीट घडी करून ठेवले. संध्याकाळी बघते तर त्यातला एक बाहेर आणि त्याच्या जागी माझी ओढणी. मी चिडले. "अहो, एक काय ते ठरवा! तुमची सॅक आहे का माझी?"

"व्हय," म्हणाले.

वकिलांनी तोडगा काढला, "दोन सॅक भरा, वहिनी. वेळेवर बघू." मी भाच्याची जुनी सॅक आणून दुसरी भरली. ह्यांनी ती पलंगावर उपडी केली आणि सगळं पहिल्या सॅकमध्ये कोंबलं. चेन ओढता ओढता डावा अंगठा सोलून निघाला.

थंडी पडल्यावर वकिलांनी जायचा दिवस ठरवला, त्या दिवशी उजाडायला मी चहा करत होते. मागे वळले तर हे दारात उभे. बूट घातलेले, नाड्या सुटलेल्या, डोक्यावर हेल्मेट. मीही सायकलीचेच कपडे घातले होते. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. आक्का म्हणाली, "मी सांगितलं न्हवतं?"

वकील आले. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बसू दे त्याला. मैदानात एक फेरी मारू दे. मी धरतो."

घराजवळच्या मैदानात धुकं होतं. वकिलांनी सीट मागून धरली आणि हे बसले. पाय फिरले. अगदी पहिल्यासारखे फिरले. वकील मागून धापा टाकत धावत होते, मी शेजारून. वळणावर ब्रेक दाबायचा होता, तो उजव्या हातानं. बोटं नुसती ब्रेकवर टेकली, मिटली नाहीत. सायकल कंपाउंडच्या भिंतीकडे गेली, ह्यांनी पाय टेकून थांबवली. भिंतीला टेकूनच थोडा वेळ बसून राहिले.

मग खाली उतरले, हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा लावायला बघत होते, जमेना, तो मीच लावला.

"मी जाऊ?" मी विचारलं.

"नको," म्हणाले, आणि माझ्या पाठीला हात लावून पुढं ढकललं.

हाताकडे बघा, डॉक्टर म्हणाले होते. मी निघाले. दुपारी माझा भाऊ निपाणीहून गाडी घेऊन येणार होता, मागे राहील त्याला आणि आक्काला माहेरी आणणार होता, ते आधीच ठरलं होतं. तरी कडोली मागे पडेपर्यंत मी रडत होते. आधीपासून मीच जाणार असं ह्यांच्या मनात होतं? का त्या भिंतीपाशी ते ठरलं? मधेच वाटायचं, परत फिरावं. वकील पुढून ओरडायचे, "वहिनी, गिअर बदला, गिअर!" चढाला मी जड गिअर ओढत होते आणि उताराला हलका.

हत्तरगीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. संकेश्वर जवळ आलं तसा कारखान्याचा मळीचा वास यायला लागला. तिथंच शेतांमधल्या एका पाणंदीत, उसाच्या पाचटात लपलेला काटा मागच्या टायरात गेला. वकील म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, नको, मला करू द्या. सॅक उघडली तर सगळ्यात वर पंप, त्याच्या शेजारी ट्यूब, त्यात खोवलेली टायर उचकटायची पट्टी. बाकी सगळं कोंबलेलं, पण लागणारं हाताशी. टायर उचकटताना उलथनं आठवून मला हसू आलं, वकिलांनी कारण विचारलं, सांगितलं तर तेही हसत बांधावर बसले. हात पुसायला काहीतरी शोधताना तळाशी ह्यांचा टी-शर्ट लागला, माझ्या ओढणीत गुंडाळलेला. एक त्यांचा, एक माझी. त्यावरूनही मला काही ठरवता आलं नाही.

तवंदीचा घाट मी निम्मा चालत चढले, सायकल ढकलत. उताराला मात्र निपाणी खाली दिसली तेव्हा जे वारं लागलं, त्यात डोकं थोडा वेळ रिकामं झालं.

माहेरी पोचले तर हे ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. आधी सायकलपाशी गेले, मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं, तिथंच बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "व्हय, पंक्चर झालतं. मी काढलं."

"आक्का," हे मला म्हणाले, "लई भारी."

आतून आक्का ओरडली, "काय रं?"

जेवणं झाल्यावर मी जवळ बसून पुन्हा विचारलं. "खरं सांगा. सॅक भरत होता तेव्हा मनात कोण होतं? तुम्ही का मी?"

ह्यांनी खूप प्रयत्न केला. "मी... तू... न्हाय... ती..." आणि मग म्हणाले, "सायकल."

हा बरोबर आलेला शब्द होता का चुकून पडलेला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वकील आणि मी सायकलीवर निघालो, हे आणि भाऊ गाडीतून. राधानगरीच्या वाटेवर मुधाळ तिट्ट्याला आम्ही पोचलो तेव्हा गाडी उभी होती. हे टपरीकडे निघाले. भाऊ पुढं जायला लागला तसा त्याला हातानं मागे ठेवलं. एकटे काउंटरपाशी जाऊन उभे राहिले, जरा थांबले आणि म्हणाले, "एरडु चा."

टपरीवाला महाराष्ट्राच्या बाजूचा, पण निपाणीच्या बाजाराला जाणारा. एरडु म्हणजे दोन, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं दोन चहा पुढं केले. आम्ही चौघं होतो. ह्यांना दोन म्हणायचे होते का चार, कुणी विचारलं नाही. मी दोन रिकामे ग्लास मागून घेतले, हे डाव्या हातानं चहा वाटायला लागले, निम्मा काउंटरवर सांडला. वकील म्हणाले, ऊन चढतंय, लवकर प्या.