व्याह्यांच्या बढतीचा अर्ज

माझ्या व्याह्यांना बढती मिळावी म्हणून मी केलेला अर्ज अजून विचाराधीन आहे.

व्याह्यांनी बढती मागितली नव्हती. त्यांना ती नकोच होती. ज्या संस्थेकडे मी अर्ज केला तिचा मी सभासद नाही आणि होऊही शकत नाही, कारण ती चर्चमधल्या कॅथलिक बांधवांची संघटना आहे आणि मी वर्ध्याचा ढोबळे, गणपतीला दूर्वासुद्धा लांबीच्या क्रमाने लावून वाहणारा! तरीही अर्ज केला. रीतसर, तीन प्रतींत.

याला कारण माझी नोकरी. भिलाईच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं आस्थापना विभागात काढली आणि त्यातली बहुतेक वर्षं ज्येष्ठता याद्या बनवण्यात गेली. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, कोण कधी चढला आणि कोण कुठे अडकला, हे मला झोपेतही सांगता येई. त्यामुळे झालं काय, की समोरचा माणूस कोणत्या ग्रेडचा आहे हे कळल्याशिवाय मला त्याच्याशी नीट बोलताच येईना. आमच्या घरच्या बारशालासुद्धा मी पाहुण्यांना ग्रेडप्रमाणे बसवलं होतं. (बाळाला शेवटी. ते प्रोबेशनवर होतं.)

निवृत्त होऊन आम्ही भिलाईतच रुआबांध्यात घर केलं आणि चार वर्षांनी आमच्या केतकीने सांगितलं की तिने लग्न ठरवलंय. मुलगा अमित मिंज, तिच्याच कॉलेजातला, कॅथलिक. लोकांना वाटतं आमच्याकडे धर्मावरून रणकंदन झालं असेल. झालं, पण आठ दिवसांत आटोपलं. मुलगा एकदा घरी आला, दोनदा वाढून घेतलेली झुणका-भाकर संपवून स्वतःचं ताट घासून गेला, आणि आमच्या सौ. सुनंदाबाईंनी आपलं मत कायमचं नोंदवलं. माझं अडलं ते दुसरीकडेच. मुलाचे वडील, पॉल मिंज, मूळचे जशपूरचे, त्यांचं खुर्सीपारला मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेले पंप आणि पंखे आणायचे, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. हाताला कला होती, गिऱ्हाइकांची रांग होती, पण ग्रेड नव्हती! अशा माणसाला मी यादीत बसवू तरी कुठे?

त्यातून माझे थोरले भाऊ वर्ध्याहून साखरपुड्याला यायचे होते. भाऊ तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणजे आजार माझाच, फक्त राज्य सरकारी. फोनवर त्यांनी धर्माबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, “व्याही कोण्या पोस्टवर आहे?”

मी म्हटलं, “सांगतो.”

मग आम्ही मिंजांकडे चहाला गेलो. चहाबरोबर त्यांनी चर्चच्या बंधुमंडळाची स्मरणिका कौतुकाने हातात दिली. उघडतो तर पहिल्याच पानावर पदाधिकाऱ्यांची यादी! रखरखत्या उन्हात नळ सापडावा तसं मला झालं. वर प्रमुख बंधू, मग उप-प्रमुख, मग लेखक, कोषाध्यक्ष, वकील, व्यवस्थापक, विश्वस्त... मी बोट खाली खाली नेत राहिलो. अंतः प्रहरी आला. आणि सगळ्यात शेवटी, बाराव्या नंबरवर: बाह्य प्रहरी, पॉल मिंज.

बाराव्या! म्हणजे सभा चालू असताना हे दाराबाहेर स्टुलावर बसणार. आतल्या पहारेकऱ्याच्याही खाली. त्यांच्याकडून मागून आणलेल्या जुन्या स्मरणिका मी घरी चाळल्या, तर गेली सहा वर्षं तेच पद. याला आमच्याकडे ‘स्टॅग्नेशन’ म्हणतात. कारखान्यात असं प्रकरण आलं की मला रात्री जेवण जात नसे, आणि इथे तर घरचा माणूस अडकला होता.

केतकीने माझ्या हातातल्या स्मरणिका पाहिल्या आणि ती ओळखायचं ते ओळखून गेली.

“बाबा, तुम्ही कावून डोकं लावून राहिले यात? एक सांगते. अमितच्या पप्पांना तुम्ही कुठं कमी लेखलं ना, तर मी सरळ रजिस्ट्रारकडे जाऊन लग्न करीन. आई येईल. तुमाले बोलावणार नाही.”

ती हे रागाने म्हणाली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ती शांतपणे, कपडे घड्या करता करता म्हणाली. एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात मी नसेन! पण मी तर त्यांना कमी लेखत नव्हतो! मी त्यांना वर काढणार होतो! हा फरक सिद्ध करण्यासाठी मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. विषय: बाह्य प्रहरी श्री. पॉल मिंज यांना एकाच पदावर सहा वर्षे झाल्याने पदोन्नतीबाबत. संदर्भ: स्मरणिका.

अर्ज घेऊन प्रमुख बंधूंना भेटायला गेलो आणि दारातच मला पहिला झटका बसला. प्रमुख बंधू म्हणजे निर्मल लकडा, कारखान्यातला क्रेन ऑपरेटर, वय पस्तिशीच्या आत! आणि यादीत त्याच्या खालचा उप-प्रमुख होते एक निवृत्त डीजीएम, ज्यांच्या केबिनबाहेर मी स्वतः फाइल घेऊन तासन्‌तास उभा राहिलेलो. डीजीएम क्रेन ऑपरेटरच्या हाताखाली! मी तिथेच भिंत धरली. लकडाने अर्ज दोनदा वाचला, गालातल्या गालात काहीतरी दाबलं आणि अदबीने सांगितलं की रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर वार्षिक निवडणुकीची सभा आहे, जिल्हा प्रमुख येणार आहेत, अर्ज तिथेच वाचला जाईल.

त्या रविवारी दुपारचं जेवण आम्हा सगळ्यांचं मिंजांकडेच होतं. ‘मी परस्पर येतो’ असं घरी सांगून मी चर्चमागच्या हॉलवर पोचलो. दाराबाहेर स्टुलावर, अंगावर निळा पट्टा आडवा घालून, व्याही बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड बघत होते आणि कार्ड बघण्याआधी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत होते. मला पाहून उठले, स्वतःचं स्टूल मला दिलं. मी ते घेतलं नाही. (बाराव्या नंबरच्या माणसाचं स्टूलही काढून घ्यायचं म्हणजे फारच झालं.) शेजारच्या बाकावर बसलो. ते आनंदाने विचारत होते की समधीजी, आज इकडे कसे, आणि मी ‘हवा खायला’ असं सांगत होतो. हवा त्रेचाळीस डिग्रीची होती.

सभा सुरू झाली. दार बंद झालं. थोड्या वेळाने आतल्या पहारेकऱ्याने दार किलकिलं करून मिंजांना आत बोलावलं. ज्याच्याविषयी प्रकरण आहे तो हजर हवा, असा नियम. पण दार मोकळं सोडायचं नाही, हाही नियम! मिंजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला.

“पाँच मिनट सँभाल लीजिए, समधी जी. बिना कार्ड कोई भीतर नहीं जाएगा.”

निवृत्तीनंतर चार वर्षांनी मला पहिल्यांदाच लेखी नसला तरी स्पष्ट आदेश मिळाला होता. पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. दोन मिनिटांत स्कूटरवरून एक घामाघूम गृहस्थ आले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत हेल्मेट, आणि सरळ दाराकडे निघाले. मी आडवा झालो. कार्ड? ते म्हणाले, घरी राहिलं, पण आत माझी वाट बघताहेत, मी जिल्हा प्रमुख. मी म्हटलं, तसा काही आदेश? नियुक्तीपत्राची प्रत? त्यांनी खिसे चाचपले. रुमाल निघाला. मी त्यांना बाकावर बसवलं आणि उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून हेल्मेट घालून ठेवायला सुचवलं.

दहा मिनिटांनी, जिल्हा प्रमुख अजून कसे आले नाहीत म्हणून आतून फादर बाहेर आले. त्यांना मी येऊ दिलं. बाहेर जाण्याबद्दल आदेशात काही नव्हतं. ते ‘अरे साहब, आप!’ म्हणत त्या गृहस्थांचा हात धरून दाराशी आले, तेव्हा मात्र आदेश लागू झाला. मी नम्रपणे विचारलं, “फादर, आपका कार्ड?”

फादर माझ्या ओळखीचे होते. बुधवारीच मी त्यांच्याकडे चहा प्यायलो होतो. पण वैयक्तिक ओळख हा दस्तऐवज नव्हे, हे मी नव्या क्लार्कांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. फादरचं कार्ड झग्याच्या खिशात आणि झगा चर्चमध्ये खुंटीला. तेही बाकावर बसले.

एवढ्यात आतून दारावर तीन टकटका झाल्या. रिवाज असा, की बाहेरच्याने उलट तीन टकटका द्यायच्या, म्हणजे सगळं ठीक आहे, दार उघडायला हरकत नाही. घाईत मिंजांनी हे मला सांगितलंच नव्हतं. मी दाराला तोंड लावून मोठ्याने विचारलं, “कोण आहे? नाव सांगा!” आतल्या पहारेकऱ्याला दारातून बोलायला मनाई. त्याने पुन्हा तीन वाजवल्या. मी पुन्हा नाव विचारलं. त्याने आतून कडी घातली.

आता आत मंडळींना वाटत होतं बाहेर काहीतरी भयंकर चाललंय, आणि बाहेर मला वाटत होतं आत कोणीतरी बिननावाचा माणूस शिरलाय. फादर ‘तीन बार ठोकिए, बस’ असं सांगू लागले. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्याकडून सूचना घेणं नियमात बसत नव्हतं. मी दोन्ही हात पसरून दाराला पाठ लावून उभा राहिलो. जिल्हा प्रमुख डोक्यावर हेल्मेट घालून घड्याळ बघत होते.

आणि नेमक्या याच क्षणी अमितच्या मोटारसायकलवरून केतकी त्याच्या पप्पांना जेवायला न्यायला आली.

“बाबा, हे काय करून राहिले तुम्ही? फादरला कावून बाहेर बसवलं? आणि पप्पा कुठं आहेत?”

मी तोंड उघडणार, तोच हॉलच्या कोपऱ्यावरून मिंज येताना दिसले. मागचं स्वयंपाकघराचं दार चहासाठी सकाळपासून सताड उघडं होतं! (पुढचं दार मी प्राणपणाने लढवत होतो.) त्यांच्या हातात माझा अर्ज होता. केतकीने लांबूनच माझं अक्षर ओळखलं, अर्ज मागून घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. ‘स्टॅग्नेशन’पर्यंत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांपुढे रजिस्ट्रारचं ऑफिस आलं, त्यात सगळे होते, फक्त मी नव्हतो.

फादरनी मला हळूच बाजूला घेऊन जे सांगितलं, ते आधी कोणी सांगितलं असतं तर स्टेशनरी वाचली असती. पॉल मिंज नऊ वर्षं प्रमुख बंधू होते. या मंडळात रिवाज असा की प्रमुखाची मुदत संपली की त्याने वर्षभर बाहेरचं दार सांभाळायचं, कारण दारातल्या माणसाला सगळ्यांची नावं आणि अडचणी ठाऊक हव्यात. वर्ष संपल्यावर मिंजांनी ते पद हट्टाने मागून ठेवून घेतलं होतं. ज्यांना मदत हवी पण आत यायची लाज वाटते ते दाराशीच येतात, म्हणून. मी यादी वरून वाचली होती. ती खालूनही वाचता येते हे चौतीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टा काढायला गेलो तर तो चष्म्यात अडकला.

मिंजांनीच तो सोडवला. मग केतकीच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, “सारी ज़िंदगी दूसरों की अर्ज़ियाँ भीतर पहुँचाता रहा, समधी जी. मेरे लिए आज तक किसी ने नहीं लिखी थी.”

त्यांना खरंच भरून आलं होतं. केतकीने नाक पुसलं, अर्ज पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, “तीन प्रती कावून काढल्या, बाबा?” आणि फस्सकन हसली. मग फादर हसले, मग हेल्मेटच्या आतून जिल्हा प्रमुख हसले, आणि मिंजांनी दारावर तीन टकटका दिल्या.

साखरपुड्याच्या पत्रिकेवर मी कोणाच्याच नावाखाली हुद्दा छापला नाही. सुनंदाबाईंनी पत्रिका उजेडात धरून दोनदा तपासली. साखरपुड्याच्या दिवशी व्याही हॉलच्या दाराशी उभे राहून प्रत्येकाला नावाने आत घेत होते. भाऊ वर्ध्याहून आले, त्यांनी व्याह्यांना एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मला बाजूला ओढलं.

“अरे, व्याही कोण्या पोस्टवर आहे ते तू सांगतलंच नाही मले.”

“बाहेरच्या दारावर,” मी छाती काढून म्हटलं. “त्याच्या वर पोस्ट नाही, भाऊ. मी पण केली आहे ती ड्यूटी. प्रभारी म्हणून.”

भाऊंनी ते गंभीरपणे घेतलं आणि थेट व्याह्यांनाच विचारलं, की आमचा हा कामाला कसा वाटला. मिंजांनी खिशातून त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत काढून त्यांच्या हातात ठेवली. माझा अर्ज ‘विचाराधीन’ ठेवल्याची नोंद होती, आणि खाली निवृत्त डीजीएम साहेबांच्या अक्षरात: ‘अर्जदाराने पंचवीस मिनिटे द्वार सांभाळले. निष्ठा उत्तम. यांस पुन्हा दारावर ठेवू नये.’

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात एकही प्रतिकूल शेरा नव्हता. तो मिळाला निवृत्तीनंतर, बिनपगारी जागेवर, आणि तोही भाऊंनी हॉलमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ग्रेडप्रमाणे बसवून!